किडा पिकावा लागतो

मनुष्यजातीला दातदुखीचं मूळ कारण उघड्या डोळ्यांनी पाहण्याचं भाग्य प्रथम लाभलं ते जबल या डोंगराळ मुलखातल्या ऐन-लौझ गावाला, एका गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर. हे कारण पांढरं होतं, तांदळाच्या कणीएवढं होतं, एका टोकाला किंचित वळलेलं होतं आणि पितळेच्या परातीतल्या पाण्यावर तरंगत होतं. त्याच परातीत सकाळी कोणाच्या तरी साखरपुड्याचं मटण वाढलं होतं. पण परात मधल्या वेळात नीट घासली गेली होती, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

"एक!" अबू दूद गरजला.

मदाफ्यात, म्हणजे गावच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या बैठकीत, भिंतीकडेच्या गाद्यांवर चाळीस-पन्नास माणसं दाटीवाटीनं बसली होती. बसायला जागा मिळाली नव्हती ती दारात उभी होती, आणि दारात मावली नव्हती त्यांनी काळ्या दगडांच्या खिडक्यांतून नुसती डोकी आत पाठवली होती. मधोमध एका जाड घोंगडीखाली सफरचंदांचा व्यापारी तौफीक उकडत होता. त्याच्यापुढे ती परात. परातीत पाणी. पाण्यात चुलीतून काढलेला तापलेला दगड, अर्धा बुडालेला, अर्धा वर. दगडावर अबू दूदनं चिमटीनं टाकलेली औषधी. त्यावर पत्र्याचं नरसाळं उपडं घातलेलं, आणि नरसाळ्याच्या नळीवर तौफीकचा आ वासलेला जबडा. आतून धूर वर जायचा आणि किडे खाली यायचे, अशी ती व्यवस्था होती.

"दोन! हा नर. तीन, ही मादी. आणि हिच्याकडे बघा, कशी फुगून बसली आहे. ही सासू असणार!"

लोक हसले. अबू दूद हसला नाही. अबू दूद म्हणजे किड्यांचा बाप. खरं नाव त्याला कोणी विचारलं नव्हतं. धिप्पाड माणूस, दाढीला मेंदी, आणि आवाज असा की किडा नसता तरी घाबरून बाहेर आला असता.

"ह्याला अमेरिकेत व्हायरस म्हणतात," तो काडीच्या टोकावर एक किडा धरून सांगू लागला. "रशियात बॅक्टेरिया म्हणतात. माझ्या आजोबांनी नुसतं किडा म्हटलं, म्हणून बिचाऱ्यांना कोणी बक्षीस दिलं नाही."

अकरा किडे निघाले. घोंगडी काढली तेव्हा तौफीकचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता आणि डोळे लकाकत होते. त्यानं गाल दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"कमी आहे," तो पुटपुटला, आणि मग ओरडला, "वल्ला, कमी आहे! अबू दूद, तुझे हात सलामत राहोत!"

दुसऱ्या रांगेत डॉक्टर वहीब बसला होता. तौफीकची दाढ त्यानंच मागच्या शनिवारी काढली होती. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी असा ठणका सुरू झाला, की तो जबड्यातून कानात आणि कानातून कपाळात चढला. चौथ्या दिवसापासून तौफीक सफरचंदांच्या पेट्यांबरोबर एक बातमीही गावोगाव पोचवत होता, की डॉक्टर आत काहीतरी विसरला आहे.

"आता नीट ऐका," अबू दूदनं हात वर केला. "ह्यात डॉक्टरच्या हाताचा दोष नाही. दात त्यानं उत्तम काढला, कोणीही असाच काढेल. किडे मागं राहिले. ते दमिश्कच्या कॉलेजात शिकवतच नाहीत, तर तो तरी काय करणार?"

सगळ्या माना वहीबकडे वळल्या. किती तरी महिन्यांनी गाव त्याच्याकडे मायेनं बघत होतं. तौफीक तर घाम पुसत उठला आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "माफ कर रे डॉक्टर. मी तुला कसाई म्हणालो. तीन गावांत म्हणालो."

दातात किडा नसतो, हे वहीबला ठाऊक होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो हसला. पुढे कितीतरी दिवस त्याला ते हसू आठवलं की जेवण जात नसे.

*

ऐन-लौझमध्ये वहीबला दवाखाना उघडून आठ महिने झाले होते. बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक खुर्ची, आणि मदतीला उम्म राबिया. ही साठीची बाई हत्यारं उकळायची, रोगी ओळीत बसवायची आणि रडणाऱ्यांना दटावायची. शेजारच्या गावातला जुना दंतवैद्य दात काढून झाला की माणसाला खांद्याला धरून दाराबाहेर करत असे. वहीबला तसं व्हायचं नव्हतं. तो दहा वर्षं शहरात राहून आला होता, आणि आपण अजून इथलेच आहोत हे गावाला पटवून द्यायची त्याला घाई होती.

म्हणून त्यानं दवाखान्यात माते सुरू केलं.

जबलमध्ये माते म्हणजे पाणी आणि हवा यांच्या मधलं काहीतरी आहे. छोट्या ग्लासात या कडवट पेयाची पत्ती, वरून गरम पाणी, आत धातूची नळी. यजमान भरतो, तुम्ही नळीनं ओढता, ग्लास परत जातो, लिंबाच्या सालीनं नळी पुसली जाते आणि तो पुढच्याकडे येतो. हा फेरा घरात, शेतात, लग्नात आणि मयतीत सारखाच चालतो. पहिला ग्लास नाकारणं म्हणजे भांडण काढणं. तेव्हा दात निघाला, कापूस दाबून झाला, रक्त थांबलं, की वहीब स्वतः ग्लास भरायचा आणि स्वतःच्या हातानं रोग्याला द्यायचा. लोकांना ते फार आवडलं. "डॉक्टर आपला आहे," असं बोललं जाऊ लागलं.

आठ महिन्यांत सव्वीस दात निघाले. त्यांतल्या अकरा जणांना तिसऱ्या दिवशी तौफीकसारखा ठणका लागला. वहीबनं हत्यारं दुप्पट वेळ उकळली. भुलीचं औषध बदललं. हातमोजे बदलले. मग त्यानं दोष सिगारेटला दिला, कारण गाव धुराड्यासारखं ओढत होतं. अकरांतले तिघे डोक्याला पांढरं फडकं बांधणारे धर्मनिष्ठ होते, आणि त्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. लक्षात येऊन ती तिथेच पडून राहिली होती.

तौफीकच्या अकरा किड्यांनंतरच्या शनिवारी उस्ताद हमूद आले. त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं होतं, वहीबलाही. तेही पांढऱ्या फडक्यातले. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता; उजवा ते सकाळ-संध्याकाळ थेंब घालून सांभाळत होते. वहीबनं त्यांची खालची दाढ काढली, आणि नेहमीप्रमाणे ग्लास पुढे केला.

उस्ताद थबकले. "आता लगेच चालेल ना रे?"

"उस्ताद," वहीब हसत म्हणाला, "माते चालणार नाही तर जबल कसं चालेल?"

उस्तादांनी तीन ग्लास घेतले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दवाखान्यात कोणी नव्हतं. उम्म राबिया खिडकीत बसून एकटीच माते ओढत होती. पत्ती तळाला लागली होती, म्हणून ती जोर लावत होती, आणि तिचे दोन्ही गाल खोल आत गेले होते. वहीब सहज बघत होता. गाल आत गेले, बाहेर आले. पुन्हा आत गेले.

आणि त्याला कॉलेजची परीक्षा आठवली. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. तीच झाकण, तीच औषध. तिच्याखाली जखम भरते. ती निखळली की हाड उघडं पडतं आणि ठणका लागतो. म्हणून तोंडानं ओढण्याची कोणतीही क्रिया टाळावी. या उत्तराला त्याला वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. तेच उत्तर तो रोज रोग्यांना ऐकवायचा: सिगारेट ओढू नका, खळखळून चूळ भरू नका, जोरानं थुंकू नका. आणि हे सांगून झालं की त्यांच्या हातात नळी द्यायचा.

उस्तादांची गुठळी अजून एका दिवसाची होती. त्यांचं घर तिसऱ्या गल्लीत. जाऊन नुसतं "दोन-तीन दिवस माते बंद ठेवा" म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, की उस्ताद 'का?' विचारणार, आणि 'का'चं उत्तर दिलं, की ते अकरा जणांना लागू होणार.

तो गेला नाही.

"उद्यापासून दवाखान्यात माते नको," तो उम्म राबियाला म्हणाला. "गॅस संपलाय."

"कालच तर सिलिंडर आणला."

"मग पत्ती संपली असेल."

"माझ्या मांडीशी पिशवी आहे, डॉक्टर. अर्धी भरलेली."

"नको म्हटलं ना!"

उम्म राबियानं ग्लास खाली ठेवला आणि पिशवीचं तोंड बांधलं. ही बाई काही विचारत नसे. त्यामुळे तिच्यापुढे फार त्रास व्हायचा.

*

मंगळवारी उस्ताद गालाला हात लावून जिना चढून आले. वहीबनं बॅटरी धरून पाहिलं. खड्डा रिकामा होता, तळाशी हाड दिसत होतं. त्यानं तो धुतला, लवंगेच्या तेलाचा बोळा बसवला.

"हे कशानं झालं?" उस्तादांनी विचारलं.

"होतं कधी कधी."

"'कधी कधी' हे कारण नव्हे, वहीब. भागाकारात बाकी उरली की मी तुला 'उरते कधी कधी' असं सांगत होतो का?"

"नाही उस्ताद."

"मग?"

वहीब हत्यारं पुसू लागला. पुसलेलीच होती. "गरम काही घेऊ नका," तो म्हणाला. "परवा बोळा बदलू."

परवा उस्ताद आले नाहीत. ते घोंगडीखाली होते. खालच्या बेकरीत पाव घ्यायला आलेली माणसं आकडे सांगत होती, ते वहीबला वर ऐकू येत होते: उस्तादांचे तेरा निघाले, तेरा! आणि तौफीकची तर तिसरीही बैठक झाली, तो आता अक्रोड फोडून दाखवतोय.

अबू दूद एव्हाना मदाफ्यातच मुक्कामाला होता. पैशाला तो हात लावत नसे. ऑलिव्हच्या तेलाचे डबे मात्र स्वतः उचलून ठेवायचा. त्याचा नियम एकच होता. दुखायला लागल्या लागल्या कोणी आलं, तर तो परत पाठवायचा. "किडा कच्चा आहे. कच्चा किडा तुटतो आणि अर्धा आत राहतो. तो पिकावा लागतो. दात काढल्याच्या पाचव्या दिवशी ये, मग सातव्या, मग दहाव्या." हे ऐकून वहीबला हसू यायला हवं होतं, कारण कोरड्या पडलेल्या खाचेचा ठणका दहाव्या-बाराव्या दिवशी आपसूकच ओसरतो. अबू दूदला तेवढं हिशेबानं कळलं होतं. झाड फळ देतं त्या दिवशी हा झाडाखाली उभा असायचा.

शनिवारी सकाळी उम्म राबिया आली ती दारातूनच बोलत.

"उस्तादांचा डोळा बघितलास? बाहुली हीऽ एवढी झालीय, ऑलिव्हएवढी. वाचता येत नाही म्हणतात. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घशाला कोरड. आणि अबू दूद काय म्हणतो ऐक: किडा डोळ्याच्या मुळाशी पोचला होता, तो निघाला म्हणून डोळा मोकळा होऊन मोठा झाला. आज दुपारी दुसरी बैठक."

मग तिनं ओढणीची गाठ सोडली. आत चिमूटभर बारीक, करड्या बिया होत्या. "ही त्याची औषधी. सतरंजीवर सांडली होती. मी झाडू मारायला गेले होते," ती म्हणाली. तिला मदाफ्यात झाडू मारायला कोणी बोलावलं नव्हतं.

वहीबनं बी चुरडून हुंगली. खुरासानी ओवा. गावाबाहेरच्या पडक्या भिंतींवर माजतो; बकऱ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या धुरानं माणूस सुस्तावतो, दुखणं बोथट होतं, तोंड सुकतं. आणि बाहुली मोठी होते. धडधाकट माणसाची होते आणि चार दिवसांनी उतरते. काचबिंदूच्या रोग्याची झाली तर डोळ्यातला दाब चढतो आणि डोळा कायमचा विझतो. उस्तादांकडे विझायला एकच डोळा उरला होता.

त्यानं खिडकी सताड उघडली, स्पिरिटचा दिवा पेटवला, चमच्यात थोड्या बिया टाकून वर धरल्या. तड्तड् झालं. कवच उकललं आणि प्रत्येक बीतून आतला कोंब बाहेर पडला: पांढरा, कणीएवढा, एका टोकाला वळलेला. उम्म राबियानं त्यातला एक पेल्यातल्या पाण्यात पाडला. तो तरंगला. पाणी हललं तसा तोही हलला.

तोंड नव्हतं, दात नव्हता, मंत्रही नव्हता.

"अगं बाई," उम्म राबिया म्हणाली, "हा बघ, नर!"

वहीब उस्तादांच्या घरी पोचला तेव्हा ते अंगणात सावलीत बसले होते, आणि पाव शोधताना त्यांचा हात ताटलीच्या बाजूला पडत होता.

"उस्ताद, उठा. गाडी सांगतो. आत्ताच्या आत्ता शहरात डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. त्या धुरानं डोळा जाईल तुमचा."

"दुसरी बैठक झाली की जाऊ. तीन वाजता आहे. अर्ध्यावर सोडलं तर किडे उलटतात म्हणतो."

"किडे नाहीतच, उस्ताद!"

"बरं, नाहीत. मग काय आहे?"

वहीब ताटली त्यांच्या हाताशी सरकवू लागला.

"हे बघ," उस्ताद शांतपणे म्हणाले, "मी तुला मंगळवारी कारण विचारलं. आत्ता पुन्हा विचारतोय. त्यानं मला कारण दिलं. खोटं असेल, वेडगळ असेल, पण दिलं. तू शिकलेला माणूस, तू देत नाहीस. ज्याच्याकडे कारणच नाही त्याचं मी कसं ऐकू?"

अंगणात दुसरं कोणी नव्हतं. याहून सोपी जागा मिळणार नव्हती. वहीबनं तोंड उघडलं, आणि त्यातून आलं ते असं: "संध्याकाळी सांगतो."

*

तीनला मदाफ्यात मुंगी शिरायलाही वाव नव्हता. वहीब दवाखान्यातून प्लास्टरचा जबडा घेऊन आला होता. कॉलेजात असतो तसला, पिवळट, बत्तीसच्या बत्तीस दातांचा. त्यावर बोट ठेवून व्याख्यान द्यायचं, असा त्याचा बेत होता. दारात उम्म राबियानं पिशवीत डोकावून पाहिलं.

"तू बोलायला लागलास की लोक जांभया देतात," ती म्हणाली. "दे इकडे."

आणि जबडा झग्याखाली दडवून ती गर्दीतून आत घुसली. "आधी माझं! उस्तादांना बसू दे थोडं. माझ्या चुलीवर मसूर आहे, करपेल."

अबू दूदचा चेहरा उजळला. डॉक्टरच्या दवाखान्यातली बाई आपल्याकडे! याहून मोठी जाहिरात ती कोणती? "या या, खाला! दाढ कधी काढली?"

"झाले की पाच-सहा दिवस."

"म्हणजे पिकलाय. बसा."

घोंगडी पडली. दगड आला, बिया पडल्या, धूर निघाला. घोंगडीखाली उम्म राबियानं नाकाशी ओला रुमाल घट्ट धरला होता, तोंड मागच्या फटीतून बाहेर काढलं होतं, आणि नरसाळ्यावर प्लास्टरचा जबडा आ वासून ठेवला होता. अधूनमधून ती कण्हत होती. फारच छान कण्हत होती.

"एक!" अबू दूद म्हणाला. "दोन! आई गं, केवढा! खाला, हा किडा तापट माणसाच्या दातातच होतो. घरात भांडता का?"

"हूं," घोंगडी म्हणाली.

"बघा! सात, आठ... ही गाभण मादी. वेळेवर आलात. हा दात फार सोसलेला आहे, माणसांनो. ह्या दातानं गरिबी बघितलीय."

चौदा निघाले. घोंगडी उडाली. उम्म राबियानं जबडा सगळ्यांना दिसेल असा डोक्यावर धरला. "ह्याचे," ती म्हणाली. "प्लास्टरचा आहे. गरिबी बघितलीय की नाही ठाऊक नाही. माझे सगळे दात जाऊन अकरा वर्षं झाली." आणि तिनं कवळी काढून दाखवली.

मग खिडकीतलं एक डोकं खिदळलं आणि सगळा मदाफा फुटला. उम्म राबियानं ओढणीतल्या उरलेल्या बिया चुलीवरून आणून खिडकीत ठेवलेल्या तापल्या तव्यावर टाकल्या. तिथे ना जबडा होता, ना घोंगडी, तरी किडे निघाले. मग तर हसता हसता माणसं गाद्यांवर आडवी झाली.

तौफीक हसत नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा जरा! किडा नव्हता, कबूल. पण मला दुखत होतं, ते तर नाटक नव्हतं? मी भिंतीवर डोकं आपटत होतो. मग मला झालं काय होतं?"

अबू दूद एवढा वेळ दाढी कुरवाळत होता. तो धंद्यात मुरलेला माणूस. त्यानं तो प्रश्न हवेतच झेलला. "हां! हे विचारा! माझं खोटं, तर खरं काय ते डॉक्टरनं सांगावं. सांग ना, डॉक्टर. उस्ताद धरून बारा जणांना झालं. तुझ्याच खुर्चीत."

हसू ओसरलं. माना पुन्हा वहीबकडे वळल्या, आणि या वेळी त्यांत माया नव्हती.

सिगारेट, असं म्हणता आलं असतं. तौफीकच्या हातात ती त्या क्षणीही जळत होती. लोकांना पटलंही असतं. पण दगडाजवळ उस्ताद हमूद बसले होते. धुरापासून चार हातांवर, तो एक डोळा वहीबच्या दिशेनं लावून, शाळेत फळ्याशी उभं केलेल्या मुलाचं उत्तर ऐकायला थांबत तसे थांबलेले.

वहीबनं शेजारच्याच्या हातातला मातेचा ग्लास घेतला, नळी तोंडात धरली आणि जोरानं ओढलं.

"माझे गाल बघा," तो म्हणाला. "आत गेले. तोंडात एवढा ओढा बसला की खड्ड्यातली गुठळी निसटते. गुठळी गेली की हाड उघडं पडतं, आणि ते असं ठणकतं. दहा-बारा दिवसांनी आपोआप भरतं. किडे काढा, नका काढू. हा सातव्या नि दहाव्या दिवशी बोलावतो, ते त्याचसाठी."

"मग माते प्यायचं नाही हे सांगितलं का नाहीस?" तौफीकनं विचारलं.

"सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, उलट पाजलं. तुला मी पाजलं, तौफीक. दात काढल्यावर दहा मिनिटांत. उस्तादांनी तर विचारलं होतं, चालेल ना. मी विनोद केला." त्यानं ग्लास खाली ठेवला. "सुरुवातीला मला कळलं नव्हतं. मग कळलं. मागच्या रविवारी कळलं. उस्तादांना तेव्हा वाचवता आलं असतं. मी बसून राहिलो, कारण तुम्ही सगळे किड्यांना दोष देत होता आणि मला बरं वाटत होतं."

यावर जो गदारोळ झाला, त्याचं वर्णन करताना खरं सांगायला हवं. गावानं त्या दुपारी एक चमत्कार गमावला होता, ते त्यानं खेळीमेळीनं घेतलं. डॉक्टर चुकला, हेही एक वेळ पोटात घातलं असतं. पण माते?

"माझा आजा नव्वद वर्षं माते प्यायला!"

"त्याचे दात किती होते?" उम्म राबियानं विचारलं.

"एकही नव्हता!"

"मग झालं तर."

उस्तादांनी काठी आपटली. तीन पिढ्या एकदम गप्प झाल्या.

"मला एवढंच पाहिजे होतं," ते म्हणाले. "कारण. सरळ, साधं, तपासून बघता येईल असं. उद्या एकानं माते थांबवावं, एकानं पीत राहावं, आणि कोणाला दुखतं ते मोजावं. किड्यांचं तसं मोजता आलं नसतं, आणि मीही मोजलं नाही. चाळीस वर्षं गणित शिकवून त्या घोंगडीखाली जाऊन बसलो, कारण दुखत होतं. दुखलं की माणूस बसतो. म्हणूनच सांगतो, दुखत नसताना विचारायची सवय लावून घ्या. कसं झालं, कशावरून, दुसऱ्या कशानं झालं नसेल का? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. पण येईना म्हणून समोर येईल ते उचलू नका." मग ते वहीबकडे वळले. "आणि ज्याला माहीत असतं तो गप्प बसला, की त्याच्या गप्प बसण्यात किडे पडतात. तो अबू दूद पोट भरायला खोटं बोलला. तू कशासाठी गप्प बसलास?"

वहीबकडे उत्तर होतं, पण ते सगळ्यांनी आधीच ऐकलं होतं.

"चल, गाडी आण," उस्ताद म्हणाले. "माफीचं नंतर बघू. डोळा आधी."

तौफीकनं आपली पिकअप काढली. वहीब उस्तादांना धरून पायऱ्या उतरत होता, तेव्हा अबू दूद भिंतीशी बसून शांतपणे नरसाळं पुसत होता. त्याला कोणी हात लावला नाही. तेलाचे डबे तेवढे काढून घेतले.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "चांगलं चाललं होतं की. खड्डा तू करायचास, भरायचो मी."

वहीबनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडीत तासभर त्याला दुसरं काही ऐकू आलं नाही.

शहरातल्या डॉक्टरनं दाब उतरवला. डोळा वाचला, पण सगळा नाही. उस्तादांना आता वर्तमानपत्रातले मथळे दिसतात, खालची बातमी कोणीतरी वाचून दाखवावी लागते. रोज दुपारी वहीब जाऊन वाचतो. माफीचा विषय अजून निघालेला नाही, आणि तो काढायची वहीबची हिंमत झालेली नाही. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'दात काढल्यावर तीन दिवस माते बंद', आणि त्याखाली कोणीतरी पेन्सिलीनं डॉक्टरच्या आईबद्दल काही लिहिलं आहे.

दवाखान्याच्या वहीतली नोंद मात्र स्पष्ट आहे. तौफीकनं तिन्ही बैठका पुऱ्या केल्या आणि त्याचे एकतीस किडे निघाले; तो बाराव्या दिवशी बरा झाला. उस्तादांनी एका बैठकीवर सोडून दिलं. तेही बाराव्या दिवशी बरे झाले.